सरासरीच्या आड आलेला माणूस

शुक्रवारी संध्याकाळी तासांक जाहीर व्हायचा, आणि तो होईपर्यंत पंचगंगेपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत एकाही मालकाच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्या शुक्रवारी आकडा झकास आला. धैर्यशील इंगवले आपल्या फाउंड्रीच्या केबिनमधून पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्वतः टाइम ऑफिसात आले.

"एकोणपन्नास, ताई! जिल्ह्यात आपली वसाहत पहिली. घ्या, तोंड गोड करा."

दीपाली चौगुलेनं पेढा घेतला. बरीच वर्षं ती या फाउंड्रीचं टाइम ऑफिस सांभाळत होती. कोण कधी आला, कधी गेला, कुणाची पाळी कुठली, हे सगळं तिच्या हातात. मालकांनी पेढ्याबरोबर आणखी काहीतरी आणलंय, हे तिला त्यांच्या घसा खाकरण्यावरूनच कळलं.

"दसरा झाला की नवी मोजणी सुरू होतीय. त्याआधी तेवढी खालची रांग साफ करून टाका."

खालची रांग म्हणजे आठवड्याला तीस तासांपेक्षा कमी भरणारी माणसं. पोटुशी बाई, बोटं चेचून परत आलेला गडी, घरी अंथरुणाला खिळलेली आई असल्यामुळे अर्ध्या दिवसावर येणारा कुणी. साफ करणं म्हणजे त्यांना हजेरीपटावरून उचलून 'राखीव'मध्ये टाकणं. राखीव माणसाला गरज लागली तर बोलावता यायचं, पण तो कामगार धरला जात नसे. आणि कामगार धरला नाही की त्याचा विमाही गेला आणि दवाखान्याचं कार्डही गेलं.

या वेळी त्या रांगेत पहिलं नाव सागर चौगुलेचं होतं. सागर म्हणजे दीपालीचा नवरा.

"मला माहीत आहे, ताई," इंगवले खाली बघत म्हणाले. "मी काय करू, नियम आहे. मलाही वाईट वाटतंय."

वाईट वाटायला काही खर्च येत नाही, त्यामुळे इंगवल्यांना ते वरचेवर वाटायचं.

आता हा तासांक काय प्रकार होता, ते सांगायला हवं. कारखानदार हा सावध प्राणी. मागणी वाढली तरी तो लगेच नवी माणसं भरत नाही, आधी आहेत त्याच माणसांना जास्त वेळ राबवतो. मागणी घटली तरी लगेच कुणाला काढत नाही, आधी जादा काम बंद करतो. म्हणून देशाचं पुढं काय होणार हे नोकऱ्यांच्या आकड्यात दिसायच्या कितीतरी आधी कामाच्या तासांत दिसतं. कारखान्यातला माणूस आठवड्याला सरासरी किती तास राबतो, एवढं कळलं की तेजी येतेय की मंदी, याचा वास लागतो. अर्थशास्त्र्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. फक्त आकडा हाती यायला महिने लागायचे, आणि तो कारखानदारांनीच भरून दिलेला असल्यामुळे खरा किती आणि सोयीचा किती, हे देवालाच ठाऊक.

मग नाडीपट्टा आला. मनगटावर बांधायचा, रबरी, दिसायला घड्याळासारखा. स्नायू आखडला की त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह जातो, तो पट्ट्याला कळायचा. कातडीचं तापमान कळायचं, आणि माणूस लक्ष देऊन काही बघत असला की नाडीत पडणारा फरकही कळायचा. म्हणजे साचा ठोकणंही मोजलं जायचं आणि भट्टीवर नजर रोखून बसणंही. वर पट्ट्याला मालक ओळखू यायचा, कारण प्रत्येकाच्या हृदयाच्या ठोक्याला आपापली ढब असते आणि ती दुसऱ्याला उसनी घेता येत नाही. देशभरातल्या मनगटांवरून हे सगळं पुण्याच्या तासांक केंद्रात जायचं, आणि यंत्र तास मोजून त्यांना माणसांनी भागायचं.

इथवर चांगलंच होतं. पण आकडा इतका खरा निघाला की सगळे त्याच्यावरच विसंबून राहू लागले. ज्या वसाहतीचा तासांक वर, तिला बँका स्वस्तात कर्ज देऊ लागल्या, विजेचा कोटा आधी तिला, मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी आधी तिला. मग मालकांच्या लक्षात आलं की धंदा वाढवून आकडा वर नेण्यापेक्षा आकडा वर नेऊन धंदा मिळवणं सोपं आहे. नवा माणूस घ्यायचा नाही, कारण नवशिका कमी तास भरतो आणि सरासरी पडते. जुना माणूस आजारी पडला तर ठेवायचा नाही, कारण तोही सरासरी पाडतो. ताप किती ते दाखवायला थर्मामीटर केला आणि आता सगळे मिळून थर्मामीटरच शेकत बसले होते. याला प्रगती म्हणत.

दीपालीनं मागच्या मोजणीला साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या कोमल सुतारला राखीवमध्ये टाकलं होतं, सातव्या महिन्यात. तेव्हा ती म्हणाली होती, "मी काय करू, नियम आहे." आज तेच वाक्य मालक तिला ऐकवून गेले होते. पेढा तिच्या हातात तसाच राहिला.

घरी आली तर सागर ओट्याशी उभा राहून मेथी निवडत होता. पूर्वी हा माणूस साचेकामाच्या टोळीतला पहिल्या नंबरचा गडी. आता हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं, विम्याच्या कार्डावर. तोवर डॉक्टरांनी दिवसाला चार तास हलकं काम सांगितलं होतं, आणि सागर ते इमानदारीनं करत होता.

तिचा चेहरा बघून त्यानं मेथी बाजूला ठेवली.

"खालची रांग आली न्हवं? माझं नाव पयलंच आसंल."

"अवो, मी बोलते मालकांशी परत."

"बोलून काय हुतंय? पट्ट्याला कान हाईत व्हय?"

त्याचा राग खरा होता. फाउंड्रीत पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. टोळीतला कुणी आजारी, कुणाच्या हातात कळ, कुणाच्या घरात मयत, तर बाकीचे त्याचे साचे ठोकून द्यायचे आणि वर खडूनं त्याच्याच नावाची खूण करायचे. याला 'हात देणं' म्हणत. कुणी उपकार मानत नसे, कारण उद्या आपली पाळी येणारच. टोळीचे म्होरके बळवंत मिस्त्री यांनी सागरसाठीही हात देऊन बघितला होता. सागरचा पट्टा त्यांनी आपल्या मनगटावर बांधला. पट्ट्यानं चार ठोक्यांत चोरी पकडली, आणि त्या दिवसाचे दोघांचेही तास पुसले गेले. माणुसकीला चोरी ठरवायला इतकं हुशार यंत्र लागावं, याचंच दीपालीला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

"खंडेनवमीला भट्टीवर कोन बसनार हाय?" सागरनं अचानक विचारलं.

दरवर्षी खंडेनवमीच्या आधी भट्टी ओतून रिकामी करायची, थंड करायची, हा शिरस्ता. त्या दिवशी अवजाराला विसावा. पण या वर्षी इंगवल्यांनी भट्टी भरलेलीच ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ओतकाम सुरू करता येईल. वितळलेलं लोखंड गोठू नये म्हणून कुणीतरी पॅनेलसमोर बसून वीज कमीजास्त करत राहायला हवं होतं.

"रियाज आणि तो नवा गडी, आलटून पालटून. नवा गडी गावाला जातो म्हणतोय."

"मग मला बसव. तेवढंच तास भरत्यात. तिसाच्या वर गेलो की रांगंतनं निघालो."

"डॉक्टरांनी चार तास सांगितलंय."

"खुर्चीत बसायचं काम हाय गं. डोळं उघडं ठेवायचं, बास. आन रियाज येतोय की सांजच्याला."

ती भांडली, रडली, आणि शेवटी तिनंच त्याचं नाव पाळीत घातलं. दुसरं काय करणार होती? नाव गेलं असतं तर ऑपरेशनही गेलं असतं.

खंडेनवमीला सकाळी फाउंड्रीचं अंगण धुऊन निघालं. घण, सांडशी, पाने, लोखंड ओतायच्या लाडल्या, सगळं घासूनपुसून ओळीनं पाटांवर मांडलं होतं. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. रियाज मुल्ला दरवर्षी पाच नारळ आणायचा, तसे याही वर्षी घेऊन आला होता. सागर आत भट्टीच्या शेडमध्ये पॅनेलसमोर बसलेला होता.

बळवंत मिस्त्रींनी उदबत्ती लावली आणि नेहमीसारखा आवाज दिला, "ज्याच्यावर आपलं पोट चालतंय ते समदं पाटावर ठिवा रं. काय मागं ऱ्हाऊ देऊ नगा."

कोअर शॉपमधली मालन कांबळे हात पुढं करून म्हणाली, "मग ह्यो पट्टा का मागं? समद्यात जास्ती पोट ह्याच्यावरच चालतंय की."

सगळे खो खो हसले. मिस्त्री हसले नाहीत. ते विचारात पडले. गोष्ट खरी होती. घण चुकला तर अंगठा जातो, पट्टा चुकला तर पगार जातो. मग अवजार कुठलं मोठं? त्यांनी आपल्या मनगटाचा पट्टा काढला, पाटावर ठेवला आणि त्याला कुंकू लावलं.

त्यात संप नव्हता की निषेध नव्हता. निव्वळ भक्तिभाव होता. बघता बघता पाटावर पट्ट्यांची रास झाली. दीपालीनंही आपला काढून ठेवला, आणि बऱ्याच दिवसांनी मनगटावर पडलेल्या पांढऱ्या वळाला वारा लागला. कुणीतरी फोटो काढून गटावर टाकला. शेजारच्या फाउंड्रीनं तो बघितला, आणि ते पूजा करतात तर आपण मागं कशाला राहायचं, म्हणून त्यांनीही पट्टे मांडले. दुपारपर्यंत साऱ्या वसाहतीत पट्टे पाटांवर होते, झेंडूखाली. पाटावर बसवलेलं अवजार दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटल्याशिवाय उचलायचं नाही, हा दंडक. तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

संध्याकाळी दीपालीनं सागरला फोन केला.

"रियाज आला का?"

"आलाय. पर मी जरा हितंच पडतो. तू आईकडं जाऊन ये."

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा केला, तर "येतोच" म्हणाला. त्याचा आवाज तिला थकलेला वाटला. पण सणाची गडबड, आईचं घर, माणसांची ये-जा. तिनं तो मनावर घेतला नाही, आणि ते तिला पुढं जन्मभर टोचणार होतं.

दसरा शुक्रवारीच आला होता, तासांकाच्या दिवशी. चार वाजता मालकांचा फोन आला. "ताई, असाल तशा या. चमत्कार झालाय!"

फाउंड्रीत पोचली तर अंगणात नवे कपडे घातलेली माणसं जमायला लागली होती, हातात आपट्याची पानं. केबिनमध्ये इंगवल्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर वसाहतीचा तासांक झळकत होता. दोन दिवसांच्या गतीनं मोजला तर आठवडा एकशे साठच्याही वर तासांचा भरत होता. आकड्याखाली, व्हिडिओ कॉलवर, पुण्याच्या केंद्रातले अधिकारी तन्मय सरदेसाई हसतमुखानं दिसत होते.

"अभिनंदन, मॅडम. तुमची वसाहत आम्ही अतिगतिमान जाहीर करतोय. तुमच्यामुळे राज्याचा आकडा वर गेला. ही तेजीची पहाट आहे."

दीपालीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. एकही यंत्र हलत नव्हतं. घणांवर झेंडू होता. मालन कांबळे कुणाच्या तरी लेकराला कडेवर घेऊन लाडू खात होती. तेजीची पहाट ती हीच असावी.

"साहेब, आठवड्याला तास असतात एकशे अडुसष्ट," ती म्हणाली. "जेवायचं कधी माणसानं? झोपायचं कधी?"

"यंत्र चुकत नाही, मॅडम. कमी आकडा आला तर आम्ही तीनतीनदा तपासतो. वर गेलेल्या आकड्यावर कधी तक्रार येत नाही."

"आमच्या सगळ्यांचे पट्टे कालपासून पाटावर आहेत. पूजेत. त्यांचे शून्य तास धरलेत ना?"

"नाही, नाही. पहिल्या वर्षी काही संघटनांनी पट्टे काढून ठेवून तासांक पाडायचा डाव केला होता. तेव्हापासून नियम आहे, नाडी नसलेला हात मोजणीतून गळतो. तासांतूनही आणि माणसांतूनही."

"म्हणजे उद्या माणूस मेला तर?"

सरदेसाईंचं हसू जरा आकसलं. "तांत्रिकदृष्ट्या बोलायचं तर सरासरीवर वाईट परिणाम होत नाही."

"आणि कमी तासवाला मेला तर?"

"तर... थोडी सुधारते."

"मोजणीत आत्ता माणसं किती आहेत?"

"ते आम्ही बघत नाही, मॅडम. आम्ही सरासरी बघतो."

दीपालीला तो आकडा विचारायची गरज उरली नाही. पट्टा कुणाच्या हातावर होता ते तिला माहीत होतं. सगळ्या वसाहतीचा तासांक म्हणजे एकट्या माणसाचे तास होते. दिवसाला चार तासांच्या वर काम करायचं नाही असं डॉक्टरनं बजावलेल्या माणसाचे. ती पायऱ्या उतरून पळत सुटली.

शेडच्या दारात रियाज उभा होता, रडवेला.

"वहिनी, मी कालपास्नं चारदा आलोय. पॅनेल पट्ट्याबिगर हात लावू देत न्हाई. माझा पट्टा पाटावर. म्हटलं आणतो उचलून, तर सागरदादा म्हणतोय, पाटावरचं उचलायचं न्हाई, मी हाय की."

सागर खुर्चीतच होता. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर, शर्ट घामानं चिकटलेला. समोर भट्टी लालभडक घुमत होती, आणि तो डोळे ताणून पॅनेलकडं बघत होता, कारण डोळे मिटले की पट्टा तास मोजायचं थांबवायचा. तिला बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"तीस झालं का गं? रांगंतनं निघालो का मी?"

दीपालीच्या अंगाचा भडका उडाला. या माणसानं दोन दिवस आपलं फाटकं काळीज भट्टीसमोर धरून ठेवलं होतं, कशासाठी? तर आपण कामाचे आहोत हे सिद्ध करायला. आणि तिकडं कुणीतरी त्याच काळजाच्या ठोक्यांवर टाळ्या वाजवत होतं! तिनं त्याचं मनगट धरलं.

"ताई, थांबा!" इंगवले धापा टाकत मागोमाग आले होते. "पट्टा काढू नका! पॅनेल बंद पडेल. सगळं लोखंड भट्टीतच गोठेल. भट्टीचं आतलं अस्तर फुटेल. आणि आकडा जाहीर व्हायला अर्धाच तास राहिलाय. तोवर रियाजला पट्टा आणू दे..."

"अर्धा तास?" दीपाली म्हणाली. "तुम्हाला अजून अर्धा तास पाहिजे याच्यातला?"

इंगवल्यांनी भट्टीकडं हात केला.

"भट्टी गोठली तर फोडून नवं अस्तर भरता येतं, साहेब. तुमच्या खात्यात भट्टीला दुरुस्ती आहे. माणसालाच तेवढी नाही."

तिनं पट्टा ओढून काढला. पॅनेलवरचे दिवे एकेक करून विझले, आणि दोन दिवस चाललेली भट्टीची घरघर थांबली. रियाज आणि बळवंत मिस्त्रींनी सागरला खुर्चीसकट उचललं. बाहेर अंगणात कुणीतरी जीप आणली होती. माणसांनी आपट्याची पानं खिशात कोंबली आणि वाट करून दिली. मिस्त्रींनी सागरचा पट्टा दीपालीकडून घेतला, पाटावर इतरांच्या राशीत ठेवला आणि त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. संध्याकाळ झाली होती, पट्टे उचलायची वेळ झाली होती. कुणीही वाकलं नाही.

जीपमध्ये सागरचं डोकं मांडीवर घेऊन दीपाली बसते न बसते, तोच तिचा फोन वाजला. सरदेसाई होते. आवाजातला मध गेला होता.

"मॅडम, काय झालं तिथं? आमच्या पडद्यावरून तुमची अख्खी वसाहत नाहीशी झालीय. आकडाच नाही, जागा कोरी आहे. जाहीर काय करायचं आम्ही? स्फोट झाला का? तुमच्याकडे नक्की माणसं आहेत तरी किती?"

इतक्या वर्षांत केंद्रातून हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. दीपालीनं अंगणाकडं पाहिलं. मालन, रियाज, मिस्त्री, आणि फाटकाशी सणाचं भेटायला आलेली, तान्ह्या मुलीला घेऊन उभी असलेली कोमल सुतार. तिच्या मनगटावर पट्ट्याचा वळही राहिला नव्हता.

"माणसं मोजायची असतील तर इथं यावं लागेल," दीपाली म्हणाली. "एकेकासमोर उभं राहून, नाव विचारून. भागाकार करून माणसं सापडत नाहीत, साहेब."

"पण मॅडम, आत्ता नोंदीसाठी काहीतरी..."

तिनं सागरच्या छातीवर तळवा ठेवला. ठोका चुकत होता, अडखळत होता, पण होता.

"लिहून घ्या मग. सागर चौगुले. दिवसाला चार तास." जीप फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिचा आवाज मागच्या माणसांनाही ऐकू गेला. "आणि कामावर आहे."